१२ व्होल्ट अडॅप्टरच्या नव्या खेपेतून एनटीसी काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व गुणवत्ता तपासणी विभाग

विषय: १२ व्होल्ट, २ अँपिअर अडॅप्टर चालू करतानाचा करंटचा झटका जवळजवळ चौपट झाल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या पहिल्या खेपेतले आठ अडॅप्टर १० अँपिअरच्या सी-कर्व्ह एमसीबीवर (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच; 'बी', 'सी' हे तो किती करंटला तत्काळ पडतो त्याचे प्रकार), एकाच रिलेमधून (विजेवर चालणारा स्विच), विनातक्रार चालत होते. त्याच जागी, त्याच वायरिंगवर नव्या खेपेतले आठ लावले, की चालू करताना एमसीबी अधूनमधून पडतो. एका रिलेचे पॉइंट तर चिकटून बसले आणि बटण बंद करूनही लोड बंद होईना. याबद्दल आधी पाठवलेल्या तक्रारीला आपले उत्तर आले, की अडॅप्टरमध्ये दोष नाही, त्यात सॉफ्ट स्टार्ट (सावकाश चालू होण्याची सोय) आहे, आणि एमसीबी १६ अँपिअरचा बसवावा. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. त्यातला एमसीबीचा सल्ला तर धोक्याचा आहे.

दोन्ही खेपांमधला एकेक अडॅप्टर उघडून शेजारी ठेवला. सर्किटची प्लेट तीच, ट्रान्सफॉर्मर तोच, ४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा कपॅसिटरही तोच. फरक फ्यूजच्या लगेच पुढे आहे. जुन्या प्लेटवर तिथे १० ओहमची काळी चकती, म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, उभी आहे. नव्या प्लेटवर त्याच दोन भोकांत उघड्या तारेचा जंपर टाकला आहे. चकतीचा गोल मात्र अजून प्लेटवर छापलेलाच आहे, म्हणजे मूळ आराखड्यात तो भाग होता आणि उत्पादनात गाळला गेला. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

त्या चकतीचे काम एवढेच की थंड असताना वाट अडवायची. अडॅप्टर बंद असतो तेव्हा आतला कपॅसिटर रिकामा असतो आणि रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्ट सर्किटसारखाच वागतो. २३० व्होल्टच्या लाइनचे शिखर ३२५ व्होल्टचे. नेमके तिथे बटण दाबले गेले, तर किती करंट धावेल हे फक्त वाटेतला रोध ठरवतो. जुन्या अडॅप्टरमध्ये चकती, चोक (तारेची गुंडाळी), कपॅसिटरचा स्वतःचा रोध आणि वायरिंग मिळून हा रोध बनतो. आमच्या मापात त्याचा झटका २८ अँपिअर भरला. चकती काढली की जेमतेम तीन ओहम उरतात, आणि झटका १०४ अँपिअरवर गेला. लेबलवर इनपुट ०.६ अँपिअर लिहिले आहे. आठ अडॅप्टरचे ४.८ अँपिअर होतात आणि त्या हिशेबाने १० अँपिअरचा एमसीबी भरपूर वाटतो. लेबल खोटे नाही, पण हा झटका त्यात धरलेलाच नसतो.

आठही एकदम चालू झाले की आकडा सरळ आठपट होत नाही, कारण वायरिंगचा रोध सगळ्यांच्या वाट्याला एकच येतो. आमच्या सर्किटवर तो सुमारे ०.६ ओहम आहे. हिशेब केला तर जुने आठ मिळून सुमारे १६० अँपिअर, नवे आठ मिळून ३५० च्या आसपास. सी-कर्व्हचा १० अँपिअर एमसीबी ५० ते १०० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडायला हवा. पण तो आकडा टिकून राहणाऱ्या करंटचा असतो. झटका एक मिलिसेकंदाच्या आत ओसरला, तर यंत्रणा हलायच्या आधीच सगळे संपते. म्हणून जुनी खेप निभावली आणि नवी अधूनमधून पाडते.

'अधूनमधून' या शब्दावर आपल्या सेवा विभागाने भर दिला आणि वायरिंगकडे बोट दाखवले. त्याचेही कारण साधे आहे. बटण शून्याजवळ दाबले गेले तर झटका नगण्य, शिखराजवळ दाबले गेले तर पूर्ण. कोणता क्षण मिळेल हे हाताच्या स्वाधीन नसते. दोन-तीनदा चालू-बंद करून 'ठीक आहे' म्हणता येणार नाही. किमान वीस वेळा, मध्ये पुरेसे थांबून, किंवा शिखरावरच जोडणाऱ्या स्विचने तपासायला हवे.

आपल्या तपासणी अहवालात व्होल्टेज व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) शून्यापासून हळूहळू चढवल्याची नोंद आहे. तसे केले की कपॅसिटर सावकाश भरतो आणि झटका येतच नाही. त्या चाचणीत एनटीसी असलेला आणि नसलेला अडॅप्टर सारखाच दिसणार. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून घेतलेले मापही कमी भरते, कारण त्याच्या गुंडाळीचा रोध एनटीसीचेच काम करतो. मल्टिमीटर इथे निरुपयोगी. क्लॅम्प मीटरवरचे इनरशचे (सुरुवातीच्या झटक्याचे) बटण मोटरसाठी असते, ते सुमारे १०० मिलिसेकंदांची सरासरी धरते. आम्ही थेट लाइनवर ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रोध) आणि डिफरन्शियल प्रोब (त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज घेणारी जोडणी) लावून स्कोपवर, म्हणजे करंटचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर, माप घेतले.

सॉफ्ट स्टार्टचा मुद्दा मात्र गैरलागू आहे. तो कंट्रोल आयसीचा असतो, १२ व्होल्टची बाजू सावकाश चढवतो. आयसी जागा होतो तोवर लाइनच्या बाजूचा कपॅसिटर भरून झालेला असतो.

रिलेचे नुकसान सगळ्यात जास्त लागले. पॉइंट मिटताना एकदा टेकून थांबत नाहीत, एक-दोन मिलिसेकंद थरथरतात. अडॅप्टरचा झटका नेमका त्याच थरथरीत येतो. प्रत्येक उडीला ठिणगी पडते, पॉइंटचा पृष्ठभाग वितळतो आणि वितळलेल्या जागीच मिटून थिजतो. चिकटलेला रिले उघडला तेव्हा एका पॉइंटवर मोहरीएवढा काळपट खड्डा होता आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा.

एमसीबी १६ चा बसवण्याबद्दल: एमसीबी अडॅप्टरसाठी नसून भिंतीतल्या तारेच्या रक्षणासाठी असतो. तार न पाहता मोठा एमसीबी सुचवणे म्हणजे ग्राहकाच्या भिंतीत आगीची सोय करणे. हा सल्ला आपल्या कर्मचाऱ्यांनी यापुढे कोणालाही देऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

एनटीसीची मर्यादाही आम्हाला ठाऊक आहे. चालू असताना तो तापतो, रोध एखाद्या ओहमपर्यंत उतरतो, आणि थंड व्हायला साधारण मिनिटभर लागते. वीज सेकंदभर जाऊन आली तर कपॅसिटर रिकामा आणि चकती गरम, म्हणजे झटका पुन्हा मोठा. म्हणून 'अडकले तर पटकन बंद-चालू करा' ही आपल्या माहितीपत्रकातली ओळही बदलून 'बंद करून एक मिनिट थांबा' अशी करावी.

आमची मागणी अशी. नव्या खेपेतले आठही अडॅप्टर बदलून १० ओहमचा एनटीसी बसवलेले द्यावेत. त्या जागी साधा फिल्म रेझिस्टर चालणार नाही, तो अशा झटक्यांनी काही काळात तडकतो. एनटीसी नको असेल तर झटका सोसणारा वायरवाउंड फ्यूजिबल (तारेचा, बिघाडात फ्यूजसारखा तुटणारा) रेझिस्टर वापरावा, त्यात जाणारी वीज आणि उष्णता धरून. चिकटलेला रिले भरून द्यावा. आणि माहितीपत्रकात झटक्याचे शिखर, तो निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ, थंड व गरम अशा दोन्ही स्थितीतले आकडे २३० व्होल्ट व २५ अंशांवर द्यावेत, शिवाय १० अँपिअर बी आणि सी एमसीबीवर एका वेळी किती अडॅप्टर चालतात तेही.

सध्या आठ अडॅप्टर चार-चारच्या दोन गटांत, दोन वेगळ्या रिलेंवर, सेकंदभराच्या अंतराने चालू करतो आहोत. एमसीबी पडणे थांबले आहे, पण रिलेच्या पॉइंटवर दर वेळी तोच घाव बसतो आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. उघडलेले दोन्ही अडॅप्टर, चिकटलेला रिले आणि स्कोपच्या नोंदी आम्ही जपून ठेवल्या आहेत. आपला तंत्रज्ञ आला तर त्याच्यासमोर माप पुन्हा घेऊन दाखवू.

आपले,
देखभाल विभागातील तंत्रज्ञ