बाबांची चक्कर आणि माझी परीक्षा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "झाली परीक्षा, पास झाले" एवढंच बोलून मी विषय बदलला. आई, तुला ते खटकलं असणार. खरं म्हणजे पहिल्या दिवशी मी पास झालेच नव्हते. एक भाग राहिला, तो चार दिवसांनी पुन्हा दिला. तुम्हाला अर्धवट सांगितलं हे तेव्हापासून मनात सलतंय.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, इतकी वर्षं विमान उडवतेस, मग दर वर्षी परीक्षा कशाला? ही परीक्षा इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना नुसत्या काट्यांच्या भरवशावर विमान चालवायची परवानगी. सराव सुटला की हे फार लवकर हातातून जातं. आणि त्या वेळी आपला कानच आपल्याला फसवतो.

तुमच्या चक्करेबद्दल सांगताना डॉक्टरांनी कानाच्या आतल्या नळ्यांचं चित्र काढून दाखवलं होतं ना? त्याच नळ्या. वळण सुरू झालं की त्यातला द्रव मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण तेच वळण चालू राहिलं की थोड्याच वेळात द्रवही बरोबरीने फिरू लागतो आणि विमान सरळ चाललंय असं वाटतं. मग खरोखर सरळ केलं की उलट बाजूला कलल्याचा भास! 1954 साली इलिनॉय विद्यापीठात, काट्यांवर उडायचं शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला लावून प्रयोग झाला होता. एकालाही विमान सांभाळता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले, म्हणजे पुरती तीन मिनिटंही नाहीत.

परीक्षेत डोक्यावर हूड चढवतात. पॅनेल दिसतं, बाहेरचं काही नाही. होल्ड, म्हणजे एका ठिकाणी ठरावीक घिरट्या घालत थांबणं, ठीक झाला. आयएलएस, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर उतरत येणं, तर अगदी मनासारखं झालं, दोन्ही काटे मधोमध, 200 फुटांवर हूड काढला तर धावपट्टी समोर. त्यानंतर परीक्षकांनी विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक, दोन्हींवर झाकणं लावली. दिशेसाठी उरलं होकायंत्र, आणि ते वळताना भरकटतं. म्हणून वळणं घड्याळावर मोजायची: सेकंदाला 3 अंश, 30 अंशांना 10 सेकंद. माझं घड्याळ मांडीवरच्या पाटीला लावलेलं. वळणात मान खाली घातली आणि सगळं गरगरलं. सावरण्याच्या नादात उंचीच्या काट्याकडे लक्ष राहिलं नाही, आणि ठरलेल्या किमान उंचीच्या 60 फूट खाली गेले. तिथेच तो भाग संपला. परीक्षकांचं बरोबरच होतं. खरोखरच्या ढगात त्या 60 फुटांत काय उभं असेल, सांगता येत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या, आई, तू मागे सांगितलेलं आठवलं, की चक्कर आली की बाबा भिंतीला हात लावतात, दाराच्या चौकटीवर नजर ठेवतात आणि मान अजिबात हलवत नाहीत. वळणात मान हलवू नये हे मला कितीदा शिकवलेलं! तरी मी घड्याळ मांडीवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते काट्यांच्या रांगेत, डोळ्यांसमोर बसवलं आणि तीन दिवस तेवढंच घोकलं. पुन्हा परीक्षेला बसले तेव्हाही मध्येच डावीकडे कलल्यासारखं वाटलं. पण वळणाचा काटा मधे होता. मी हात हलवला नाही. थोड्या वेळाने भास ओसरला, आणि उंचीही शेवटपर्यंत राखली.

यापुढे नापास झाले तरी त्याच दिवशी सांगेन.

बाबा, रात्री उठताना एकदम उभे राहू नका. आधी पलंगाच्या कडेला बसा, आणि दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. अंधारात डोळ्यांची मदत नसते, त्या कानावर जास्त भार पडतो. आई, उशाशी हाताला येईल असा दिवा आजच ठेव.

तुमची लेक