तेरावा फॉर्म मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कादंबरीत पाने १९३ ते २०८ नसल्याबाबत

महोदय,

मी देसाईगंज (वडसा) तालुक्यातल्या एका गावच्या 'ड' वर्ग वाचनालयाचा ग्रंथपाल. भुताखेतांच्या रिअ‍ॅलिटी शोवरची आपली कादंबरी आम्ही ३९९ रुपये भरून मागवली. तिच्यात १७७ ते १९२ ही पाने दोनदा आहेत आणि १९३ ते २०८ नाहीतच. म्हणजे बारावा फॉर्म, सोळा पानांची एकत्र शिवायची जुडी, दोनदा शिवला गेला आणि तेरावा राहिला. बाइंडिंगमध्ये असे होते, समजू शकतो. पण राहावा तो नेमका तेरावाच?

गोरेगावच्या चित्रनगरीतले बंद घर; आत हडळ, मुंजा, वेताळ, खवीस धरून सात जण; दर आठवड्याला प्रेक्षकांच्या मतांवर एक बाहेर. सातांत एक जण जिवंत माणूस आहे. तो कोण, हे १९२व्या पानाच्या तळाशी उघड होणार, तोच पुढे पुन्हा १७७: हडळ केस विंचरते आहे. आमच्या पहिल्या वाचकाला वाटले, लेखकाने चकवाच लावला. आमच्या जंगलात चकवा लागला की माणूस रात्रभर चालून त्याच झाडापाशी येतो, असे जुने लोक सांगतात. बिचाऱ्याने ती सोळा पाने मन लावून पुन्हा वाचली. मग एकदम २०९, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाही!

आता गावात दोन तट पडलेत. निम्मे मुंजाला माणूस ठरवतात, कारण जेवताना तोच एकटा मीठ मागतो. बाकीच्यांचा संशय हडळीवर, तिचे पाय एकदाही कॅमेऱ्यात आलेले नाहीत म्हणून. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालते. तिसऱ्या अंकात पडदा पाडून मंडळी निघाली तर लोक गाडी अडवतील. सध्या रोज संध्याकाळी मला अडवतात.

आपल्या फोनवरच्या ताई म्हणाल्या, परतीची सात दिवसांची मुदत संपली. पार्सल आमच्या हाती पडले आठव्या दिवशी. आपण मुदत मोजता बिलाच्या तारखेपासून. वर सल्ला, ई-बुक वाचा. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते. रात्री टाकीवर उजेड दिसला तर गावाला आणखी एक भूत मिळेल.

कादंबरी चांगली आहे, म्हणून तर एवढे लिहितो. पूर्ण प्रत पाठवा आणि ही आपल्या खर्चाने न्या. ते जमत नसेल तर नुसता तेरावा फॉर्म पाठवा, शिवायचे मी बघतो. पंधरा दिवस वाट पाहीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. आम्हाला गडचिरोली जवळ आहे, आपल्याला लांब पडेल.

आपला,
ग्रंथपाल

सोबत: बिलाची प्रत, पान १९२ आणि त्यापुढच्या पानाचा फोटो.

ता. क. कृपया फोनवर शेवट सांगू नये. ताईंनी सुरुवात केली होती, मी फोन ठेवला.