पेन्सिलीचा एक ठिपका

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहू नये अशी आपली ताकीद असल्यामुळे ते गाळूनच हे उघडे पत्र लिहीत आहे. स्पॅनिश भाषेच्या देले परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे आपल्याला फोनवर सांगताना माझा गळा दाटून आला आणि आभार मानायचे राहूनच गेले. ते राहिलेले आज लिहून काढतो.

आपली भेट होण्यापूर्वी मी वर्षभर शहरातल्या एका क्लासला जात होतो. वेरूळच्या लेण्यांत स्पॅनिश बोलणारे पर्यटक येतात, त्यांच्यासमोर इंग्रजीच्या कुबड्या न घेता बोलता यावे एवढीच माझी इच्छा होती. त्या क्लासमध्ये मात्र वर्गात मराठी शब्द निघाला की सर्वांसमोर बोलणी खावी लागत, आणि स्पॅनिशचा प्रत्येक शब्द इंग्रजीच्या दारातूनच आत यायचा. लर्न म्हणजे आप्रेन्देर आणि स्टडी म्हणजे एस्तुदियार, असा तक्ता पहिल्याच आठवड्यात हाती पडला व तो मी इमानाने पाठ केला. ‘मला बातमी कळली’ असे सांगण्यासाठी मी त्या तक्त्याच्या भरवशावर ‘आप्रेन्दी ला नोतिसिया’ लिहिले, तेव्हा वहीवर लाल फुली आली. कारण विचारले तर उत्तर मिळाले, “तसे म्हणत नाहीत.” चौदा हजार रुपये भरून मी वर्षभरात जमवल्या त्या अशा फुल्याच. आम्ही लातूर जिल्ह्यातले, रात्र रात्र जागून घोकण्याला घाबरणारे नव्हे. पण कशासाठी घोकतो आहोत हे तरी कुणी सांगायला हवे होते.

तीच वही घेऊन मी आपल्या ओसरीवर आलो. वडिलांवर लिहिलेल्या निबंधात एक वाक्य होते: ‘माझे वडील चौथीपर्यंत शिकले आणि पुढे आजोबांकडून पेरायला शिकले.’ मराठीत दोन्हीकडे ‘शिकले’, म्हणून स्पॅनिशमध्येही मी दोन्हीकडे ‘आप्रेन्दियो’ लिहून मोकळा झालो होतो. आपण फुली मारली नाही. पहिल्या ‘आप्रेन्दियो’खाली पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला, ती पेन्सिल माझ्या हातात ठेवली आणि म्हणालात, “हेच मला मराठीत सांग बरे, पण ‘शिकणे’ हा शब्द वापरायचा नाही.” मी बराच वेळ अडखळलो. आपण घाई केली नाही, चहा गार झाला तरी मध्ये बोलला नाहीत. शेवटी मी म्हणालो, “वडील चौथीपर्यंत शाळेत गेले, आणि आजोबांच्या बरोबर तिफणीमागे चालता चालता त्यांना पेरणी येऊ लागली.”

“मग झाले तर,” आपण म्हणालात. “गेले ते एस्तुदियार, येऊ लागली ते आप्रेन्देर.”

त्या क्षणी मला झालेला आनंद शब्दांत पकडता येत नाही. ज्या भाषेला वर्षभर वर्गाबाहेर चपलांजवळ ठेवायला लावले होते, तिलाच आपण आत बोलावून पाटावर बसवले. ‘एस्तुदियो आस्ता क्वार्तो’ हे मी स्वतःच्या हाताने, आपल्याच पेन्सिलीने लिहिले. शेवटच्या ‘ओ’वर आघात दिला नाही तर त्याचा अर्थ ‘मी शिकतो’ असा होईल, एवढेच आपण हळूच सांगितले. दुसरा ‘आप्रेन्दियो’ जागेवरच राहिला, फक्त ‘सेम्ब्रार’च्या आधी ‘आ’ हवा होता, आणि मराठीतल्या ‘पेरायला’मध्ये जो ‘ला’ आहे तोच हा समज, असे आपण म्हणालात तेव्हापासून तो ‘आ’ माझ्याकडून कधी सुटलेला नाही. ‘मी विद्यापीठात इतिहास शिकतो’ यात ‘एस्तुदियो’ का आणि ‘मी स्पॅनिश बोलायला शिकतो आहे’ यात आप्रेन्देर का, हेही मग कुणी सांगावे लागले नाही.

बातमीचा घोळही तसाच सुटला. “मराठीत बातमी शिकतात का रे? ती कळते ना?” असे विचारून आपण ‘मे एन्तेरे’ हे रूप पुढे ठेवलेत. म्हणजे ‘शिकणे’ने जिथे मला पाडले होते, तिथून दोन पावलांवर ‘कळणे’ मला उठवायला उभेच होते. मधली इंग्रजी बाजूला सरकवायचा अवकाश होता. एन्सेन्यार म्हणजे शिकवणे आणि दाखवणेही, हे कळल्यावर तर पर्यटकांना ‘लेस एन्सेन्यो लास क्वेवास’, म्हणजे ‘तुम्हाला लेणी दाखवतो’, असे म्हणताना मला उगीचच मास्तर झाल्यासारखे वाटते.

आप्रेन्देरच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ पकडणे, हाती धरणे असा आहे, आणि एस्तुदियारच्या मुळाशी आस्था, ध्यास आहे, हे आपण जाता जाता बोललात. मला तेव्हा वडिलांची चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या वाटीवर, धरलेली मूठ आठवली. त्या मुठीतून दाणे किती सुटू द्यायचे हे त्यांना कोणत्याही शाळेने सांगितलेले नाही. स्पॅनिश राजअकादमीचा कोशही आप्रेन्देरचा अर्थ देताना अभ्यासाच्या बरोबरीने अनुभवाचे नाव घेतो, ते मी नंतर मुद्दाम पाहिले आणि वडिलांच्या वतीने मला फार बरे वाटले.

आपण एक पैसा घेतला नाहीत, हे सांगितलेले आपल्याला आवडणार नाही, तरी सांगतो. पण मी ऋणी आहे तो त्याहून अधिक त्या ठिपक्याचा. चूक दाखवताना समोरच्याचे तोंड उतरणार नाही एवढी काळजी घेणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत, आणि ती भेटली तेव्हा त्यांच्या हातात बहुधा लाल पेन नव्हते.

निबंध आता नव्याने, मोठा करून लिहितो आहे. रविवारी गावी वडिलांना तो मराठीत समजावून सांगितला, तर त्यांनी एवढेच विचारले, “त्यात चाड्याचे नाव आले का?” मला त्यासाठी स्पॅनिश शब्द सापडला नाही, म्हणून ‘चाडे’ तसेच ठेवले आहे आणि त्याच्याखाली पेन्सिलीने एक ठिपका दिला आहे. पुढच्या रविवारी वही घेऊन येतो.

आपला कृतज्ञ विद्यार्थी