लायसन्सच्या रकान्यातलं शून्य

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

सांगलीत आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. वाचनालयं आणि कॉलेजांची ग्रंथालयं यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो: दाखलनोंद, देवघेव, दंड, बारकोड. ते ओपन सोर्स करावं, म्हणजे त्याचा मूळ कोड कुणालाही फुकट वापरायला आणि बदलायला खुला करावा, असं आमच्यात घाटतंय. सीए विचारतात, "फुकट दिल्यावर खाणार काय?" निम्मं उत्तर माझ्याकडे आहे. उरलेलं निम्मं आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

लायसन्स आम्ही एकदाच विकतो, तेही घासाघीस करून. नंतर त्याची कॉपी पेनड्राइव्हवरून शेजारच्या गावात जाते, ते वेगळंच. खरी कमाई पुढच्या कामात आहे. जुन्या वाचनालयाचा डेटा श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, टाइप केलेला असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा सांकेतिक रूपात, आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरं तुटतात, एकाच कुलकर्णींचे आडनावाच्या पुढे-मागे आद्याक्षरं आल्यामुळे तीन वेगळे लेखक होतात. मग ग्रंथपालांना शेजारी बसवून एकेक नोंद निस्तरायची. कॉलेजात नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) समिती यायची झाली की फोन सुरू: अमुक अहवाल हवा, आणि आजच हवा. कोड फुकट मिळाला म्हणून ही कामं आपोआप होत नाहीत. त्यांचे पैसे लोक फारशी कुरकुर न करता देतात.

आमच्याच धंद्यातलं उदाहरण आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर सन 2000 च्या तारखांपुढे टिकणार नव्हतं. कॅटिपो नावाच्या छोट्या कंपनीने त्यांना नवं करून दिलं, ते जानेवारी 2000 मध्ये सुरू झालं आणि जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं झालं. तेच 'कोहा'. आज आपल्याकडच्या कित्येक विद्यापीठांत ते चालतं आणि ते बसवून, सांभाळून अनेक छोट्या कंपन्या पोट भरतात. कॅटिपोने मात्र कोहाचा व्यवसाय 2007 मध्ये एका अमेरिकी कंपनीला विकला, आणि पुढे खुद्द 'कोहा' या नावाच्या मालकीवरूनच वाद झाला. आम्ही कोड दिला तरी नाव आधी ट्रेडमार्क करून ठेवणार, ते यामुळेच. आपल्या मुंबईत इआरपीनेक्स्ट हे धंद्याचे हिशेब आणि माल सांभाळणारं सॉफ्टवेअर बनतं. त्याचाही कोड खुला आहे. ते बनवणारी कंपनी चालते ती होस्टिंग (ते आपल्या सर्व्हरवर चालवून देणं) आणि सेवेवर.

सगळं गुलाबी नाही, हेही सांगतो. मोठ्या क्लाउड कंपन्या किंवा स्पर्धक आयता कोड घेऊन सेवा विकतात म्हणून मोंगोडीबी या सॉफ्टवेअर कंपनीने 2018 मध्ये आणि हॅशिकॉर्प या दुसरीने 2023 मध्ये परवाना आवळला. सांगलीतल्या कंपनीच्या वाटेला ॲमेझॉन कशाला येईल? आम्हाला धास्ती आहे ती मोठ्या शहरातल्या एखाद्या बड्या ठेकेदाराची. तो आमचाच कोड उचलेल, स्वतःची उलाढाल दाखवून निविदा भरेल, आणि काम अडलं की त्याची माणसं आम्हालाच फोन करतील. एजीपीएलसारखा, म्हणजे ऑनलाइन सेवेलाही लागू होणारा, परवाना घेतला तर त्याला केलेले बदल खुले ठेवावे लागतील. निविदा मात्र त्यालाच मिळेल.

कारण निविदाच लायसन्स विकत घेण्याच्या हिशेबाने लिहिलेली असते. एका सरकारी कार्यालयाच्या निविदेत आम्ही कोहा देऊ केलं होतं. कोहा फुकट, म्हणून लायसन्सच्या रकान्यात शून्य लिहिलं. शंका निघाली: दर भरलेला नाही. पुढची अट, 'मूळ उत्पादकाचे अधिकारपत्र जोडावे', म्हणजे आमचं सॉफ्टवेअर हे विकू शकतात असं बनवणाऱ्याचं पत्र. कोहा जगभरातले लोक मिळून लिहितात. पत्र कुणाचं आणायचं, न्यूझीलंडच्या ग्रंथपालांचं? आम्ही अपात्र ठरलो.

केंद्राने 2015 मध्येच ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण काढलं. त्यात ओपन सोर्सला पसंती द्यावी, निविदेत तसं कलम असावं आणि पुरवठादाराने ते वगळलं तर कारण द्यावं, असं म्हटलं आहे. राज्यांना ते स्वीकारायची मुभा आहे. आमचं मागणं त्याहून लहान आहे. सॉफ्टवेअर ओपन सोर्स असेल तिथे अधिकारपत्राची अट काढा. त्याऐवजी निविदाकाराने त्या प्रकल्पात काय काम केलंय आणि कुठे बसवून चालवून दाखवलंय ते मागा. डेटा स्थलांतर, प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल यांना वेगळे रकाने द्या, लायसन्सचं शून्य वैध धरा. उलाढालीची अट कामाच्या रकमेच्या प्रमाणात ठेवा.

आणि बिलं. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत. लायसन्स विकणाऱ्याला निदान सुरुवातीला आगाऊ रक्कम मिळते. सेवेवर जगणाऱ्याचं बिल काम झाल्यावर निघतं आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात. देखभालीचं बिल मार्चअखेरपर्यंत रखडणार असेल, तर सीएंचं म्हणणं खरं ठरेल आणि आम्ही कोड कपाटातच ठेवू.

निविदेच्या कलमांचा मसुदा सोबत जोडला आहे, दीड पानाचा. आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यात खुशाल काटछाट करावी.

कळावे,
आपला,
एका लहान सॉफ्टवेअर कंपनीचा चालक, सांगली