ठोक्याची लहर आणि भान

महोदय,

हृदयाच्या ठोक्याला मेंदू देत असलेल्या प्रतिसादाचा भानाशी संबंध दिसतो, हे खरे. पण मोजमाप भलतेच नाजूक आहे. ईसीजी (हृदयाच्या विजेचा आलेख) आणि ईईजी (डोक्यावरून घेतलेला मेंदूच्या विजेचा आलेख) एकाच वेळी नोंदवून, ईसीजीतल्या ‘आर’ शिखरापासून, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या टोकदार उंचवट्यापासून, पुढचा सुमारे ६०० मिलिसेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि अशा शेकडो ठोक्यांची सरासरी काढायची. तेव्हा कुठे मेंदूच्या प्रतिसादाची ही लहर दिसते. घोळ होतो तो इथेच. हृदयाची स्वतःची वीज डोक्यावरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या खाती जमा होते! म्हणून ज्या दोन अवस्थांची तुलना करायची (उदा. आकृती दिसली आणि दिसली नाही), त्या दोन्हींत ईसीजी सारखाच आहे ना, हे आधी तपासावे. नाडी शंभरापुढे गेली की पुढचा ठोकाही त्या तुकड्यात घुसतो. २०१४ साली पॅरिसमधल्या संशोधकांना मेंदूच्या चुंबकीय नोंदींत आढळले, की अंधूक आकृती दाखवण्याआधी ही लहर मोठी असेल, तर आकृती दिसल्याचे लोक अधिक वेळा सांगतात. एवढ्यावरून ‘हृदयच भान घडवते’ म्हणणे घाईचे ठरेल.

– एक वाचक, पुणे