सुभेदार आबा, तुम्ही आधी पाय बघायला शिकवलंत

आदरणीय आबा,
सा. न. वि. वि.

मागच्या वेळी फोनवर बोलताना मध्येच रेंज गेली आणि सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे आपल्या गावातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

बारावीत असताना डॉक्टर व्हायचं, एवढंच माझं ठरलं होतं. आपल्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, आपल्याकडेही घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे. तरी डॉक्टर होऊनही फौजेत जाता येतं, त्यासाठी पुण्यात वानवडीला 1948 पासून एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, आहे आणि तिथे शिक्षणाची फी पडत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. क्लासच्या एका सरांना विचारलं, तर ‘मुलींनी त्या फंदात पडू नये’ म्हणून त्यांनी विषयच मिटवला. त्या संध्याकाळी मी रडतच तुमच्या ओट्यावर येऊन बसले होते. आर्मी मेडिकल कोअरमध्ये तुमची 28 वर्षं गेलेली. गाव तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणायचं आणि तुम्ही दर वेळी सांगायचात, “डॉक्टर न्हाई, नर्सिंग असिस्टंट.”

बाबांना ‘बाँड’ या शब्दाचीच धास्ती होती. तुम्ही आमच्या घरी येऊन त्यांना नीट समजावलंत: निदान सात वर्षं नोकरी करावी लागते, काहींना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी म्हणून नोकरी, मिळतं, पुढे एमडी, एमएस करायची वाटही फौजेत असते. नुसते नीटचे मार्क पुरत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यातून निवड झाली की इंग्रजी आणि तर्काची वेगळी परीक्षा, मग मुलाखत, मग मेडिकल. हल्ली तिथे मुलग्यांना 115 आणि मुलींना 30 जागा आहेत. देशभरातल्या मुलींसाठी तीस! तयारी अर्धवट ठेवून चालणार नाही, हे तुम्ही माझ्या आधी ओळखलं होतंत.

मेडिकलची तुमची तयारी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. “पोरी, पाय वले कर आन् फरशीवर उभी ऱ्हा.” मी उभी राहिले, बाजूला झाले, आणि तुम्ही त्या ओल्या ठशाकडे वाकून कितीतरी वेळ बघत होतात. तळव्याची कमान नीट उमटली होती. मग गुडघे जुळवून उभं केलंत, तोंड उघडायला लावून दात मोजलेत आणि कानातला मळ साताऱ्याला जाऊन काढून आणायला लावलात. एवढ्याशा मळापायी पोरं परत पाठवलेली तुम्ही पाहिली होती. पुण्याला माझ्यासोबतच्या एका मुलीला खरोखर त्याच कारणावरून थांबवलं, आणि मला तुमची आठवण आली.

कॉलेजात असताना, 2020 च्या फेब्रुवारीत, आमच्याच कॉलेजात शिकलेल्या डॉक्टर माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. तुम्ही पेपरातलं कात्रण आईकडे देऊन ठेवलंत. ते माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे.

पण आबा, आभार मानायचे आहेत ते एका वेगळ्या गोष्टीसाठी.

कमिशन मिळालं तेव्हा मी पाया पडायला आले होते. तुम्ही म्हणालात, “जवान आपणहून आजार सांगत न्हाई. त्याचे पाय बघ. पायमोजं काढाय लाव, आन् चालताना बघ.” मी मान डोलावली. खरं सांगते, तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी लडाखमध्ये होते. तिथे वर जाताना शरीराला सवय लावावी लागते: पहिल्या टप्प्यात सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांत चार-चार. सुट्टीवरून परतलेल्यालाही हे चुकत नाही. खाली महिनाभर राहिला की शरीर सगळं विसरतं. असाच एक जवान, आपल्याच कोल्हापूरकडचा, सुट्टीवरून नुकताच परतला होता. सकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या तिथल्या दवाखान्यात, सगळ्यांसोबत येऊन गेला. “काय नाही मॅडम, जरा खोकला.” संध्याकाळी मी लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, बाजूला उभी होते. तो तेवढ्याशा वाटेत दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

मी त्याला तिथूनच आत नेलं. बसल्याजागी धाप लागत होती, ओठ निळसर, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज. हापो. उंचीवरच्या विरळ हवेमुळे फुप्फुसात पाणी साठायला लागलं होतं. हा आजार रात्री बळावतो. ऑक्सिजन लावला, औषध दिलं. त्या अंधारात खाली नेणं शक्य नव्हतं, म्हणून हापो बॅगमध्ये ठेवला. पायाने पंप मारून ती फुगवत राहायची, आत दाब वाढतो आणि माणूस काही हजार फूट खाली उतरल्यासारखा होतो. आम्ही आळीपाळीने रात्रभर पंप मारला. माझ्यासोबतचा नर्सिंग असिस्टंट, बिहारचा पोरगा, एकदाही जागचा हलला नाही. त्याच्याकडे बघताना मला सारखे तुम्ही आठवत होतात. तुम्हीही अशाच किती रात्री काढल्या असतील, आणि गावात त्यातलं एक अक्षर कधी बोलला नाहीत.

उजाडल्यावर हेलिकॉप्टर आलं. लेहच्या रुग्णालयात तो बरा झाला.

ती नाडी मला दिसली ती तुमच्यामुळे. पुस्तकात हापोची सगळी लक्षणं आहेत, मी परीक्षेत ती न चुकता लिहिली होती. धाप लपवायला माणूस बुटाशी वाकतो, हे त्यात नाही. त्या घरात आज बाप आहे, आणि त्या घराला तुमचं नावही माहीत नाही. ते मला फार लागतं, म्हणून हे उघड पत्र.

गावातल्या कुणाच्या मुलीला या वाटेने यायचं असेल, तर तिला तुमच्याकडे पाठवायला सांगितलंय आईला. फरशी ओली करून ठेवा.

मे महिन्यात सुट्टी मंजूर झाली आहे. तुमच्या गुडघ्याचे जुने एक्स-रे शोधून ठेवा, आपण दोघं ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या, दवाखान्यात जाऊन येऊ. आणि या वेळी तुमचे पाय मी बघणार आहे.

तुमचीच,
खालच्या आळीतली डॉक्टर