व्हिक्टरच्या वाट्याचं वाचन

प्रिय वंदू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. रागावली असशील तर रागव, हक्क आहे तुझा. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघाही बरा. मुद्द्याचं बोलते.

ऑगस्टच्या अभिवाचनाला फुकुहारा भावंडं घेतली आहेत आणि संहिता एका शब्दापाशी अडली आहे. हे तुलाच कळेल.

व्हिक्टर, मेरी, हॅरी, पिअर्स, फ्रँक अशी पाच जपानी वंशाची भावंडं, अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या ऑबर्नची. मंदीत घर आधीच खचलेलं, त्यात 1933 मध्ये वडील गेले. आई, किनू, मुलांना घेऊन हिरोशिमाला परतली. पुढे मेरी आणि हॅरी पुन्हा अमेरिकेत आले. हॅरी परतला 1938 मध्ये, अठराव्या वर्षी. लोकांच्या घरी कामं करून शिकत होता. भावंडांची ताटातूट झाली ती इथेच, लढाईच्या कितीतरी आधी. लोक ती पर्ल हार्बरपासून, म्हणजे 1941 मधल्या जपानी हल्ल्यापासून मोजतात. म्हणून हे पान मी कापू देत नाही.

1942 मध्ये दोघांची रवानगी अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या हीला रिव्हर छावणीत झाली, जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने जिथे डांबलं होतं तिथे. हाताने उचलता येईल तेवढंच सामान न्यायचं: अंथरूण, कपडे, ताट-वाटी, चमचा. गाठोड्यावर कुटुंबाचा क्रमांक. छावणीतल्या कामाला महिना 12, 16 नाहीतर 19 डॉलर. संहितेत पैशाचे आकडे एवढेच ठेवलेत. ओळीने चार आकडे आले की ऐकणारा हिशेब करत बसतो आणि माणसं हातची जातात. बाकी तपशील वस्तूंमधून येऊ दे. गेल्या वेळी यावरूनच आपलं बिनसलं होतं. तेव्हा तुझं बरोबर होतं, आता लेखी देते!

सैन्याला जपानी जाणणारे दुभाषे हवे होते. हॅरीची जपानी पक्की झाली होती हिरोशिमाच्या शाळेत, म्हणजे आईने तिकडे नेलं म्हणूनच. तो छावणीतूनच भरती झाला. तिकडे पिअर्स आणि फ्रँक जपानी सैन्यात. नोव्हेंबर 1945 मध्ये अमेरिकन फौजा जपानच्या क्यूशू बेटावर उतरायच्या होत्या. हॅरी त्या मोहिमेत असणार होता, आणि भाऊ त्याच बेटावर. टपाल बंद. रेडक्रॉसच्या कागदावर फार तर 25 शब्द, तेही पोचायला महिने. वंदू, तुझे पंचवीस शब्द तर 'काय गं, जेवलीस का' यातच संपतील.

जपानच्या शरणागतीनंतर हॅरी हिरोशिमाला पोचला. आई जिवंत होती. पिअर्स, फ्रँकही वाचले. व्हिक्टर, थोरला, अणुबॉम्बमध्ये सापडला होता. तो त्यातून उठला नाही.

आमच्या पहिल्या खर्ड्यात शरणागतीपाशी संगीत होतं. तालमीत सगळे तिथेच सैलावले, टाळ्या वाजल्या आणि व्हिक्टरचं पान कुणाच्या कानात शिरलंच नाही. आता संगीत काढलं. शरणागती एका वाक्यात, मग चार सेकंद थांबायचं, मग दार. व्हिक्टरचं स्वतःचं बोलणं माझ्याकडे एकही नाही आणि मी ते रचणार नाही. त्याच्या वाट्याला फक्त भावंडांनी मारलेली हाक येते.

अडलंय ते इथे. जपानीत थोरल्याला नावाने हाक मारत नाहीत, 'निईसान' म्हणतात. धाकट्यांना नावाने. अगदी आपल्या घरांसारखं. इंग्रजीतल्या 'ब्रदर'ने हे भागत नाही, आपल्याकडे मात्र नेमका शब्द आहे. म्हणून मी तिथे 'दादा' लिहिलं. तीनदा येतो. लिहिताना तुमच्या ओसरीवरून मारलेल्या तुझ्या हाका ऐकू आल्या आणि पेन खाली ठेवलं. मंडळात 'निईसान'च ठेवा असा आग्रह आहे. ठेवला तर ऐकणाऱ्याला तो परका शब्द वाटेल, व्हिक्टर दूरचा होईल. मला ते नको आहे.

हॅरीचं वाचन तुझ्याकडे यावं असं फार वाटतं. तुझा आवाज दबका आहे, थांबणं तुला जमतं. पण तो शब्द तीनदा तुला म्हणायला लावणं माझ्याने होत नाही. नाही म्हणालीस तर एक अक्षर विचारणार नाही. तिसऱ्या हाकेपुरतं 'व्हिक्टर' करून बघितलं, वाक्य पडलं.

छोटीचा निकाल कळला, पेढे बाकी आहेत. गच्ची पावसाआधी करून घे, मागच्या वर्षीसारखं करू नकोस. संहिता सोबत आहे, पान 9 आधी वाच. शनिवारी मावशी झोपल्या की फोन करते.

तुझी,
शमा